गुळाचा खडा आणि नामदेवची बिडी

सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यातले आम्ही रिटायर्ड लोक संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावावर बसतो. किस्से संपत नाहीत, दमच आधी संपतो. त्यातले निम्मे किस्से नामदेवचे.

*

पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची पांढरी धूळ छातीत राहू नये म्हणून शिफ्ट सुटली की गुळाचा खडा खायची आमच्यात रीत होती. नामदेव गुळावर लगेच बिडी पेटवायचा. म्हणायचा, "गूळ धूळ पोटात नेते, उरली ते बिडी जाळते." आम्हाला ते शंभर टक्के पटायचं. आम्हीही पेटवायचो.

*

मागच्या वर्षी त्याचा खोकला हटेना, म्हणून मीच त्याला सदरमधल्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. तपासण्यांत फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "ही धूळ आणि बिडी एकत्र आल्या की धोका कैक पटींनी वाढतो."

नामदेव माझ्याकडे वळला. "पाह्य गा, आपण समजलो हे दोघं भांडून मरतीन, अन् यायनं तं दोस्ती केली!"

गाठ लवकर सापडली होती, ऑपरेशन होण्यासारखं होतं. फक्त आधी बिडी सोडायची होती.

*

त्याची बायको, वत्सलावहिनी, दारातच त्याचं तोंड हुंगायच्या. हा गडी बिडी ओढून मूठभर बडीशेप चघळत घरी जायचा.

एकदा वहिनींनी विचारलं, "काहो, रोज रोज कोणाच्या लग्नातून जेवून येऊन राहिले?"

ते ऐकून आम्ही पोट धरून हसलो. पण बिडी सुटेना म्हणून ऑपरेशन लांबत चाललं होतं आणि मला आता खरोखर भीती वाटायला लागली होती.

*

पुढच्या खेपेला वहिनीही आल्या. दवाखान्याचा जिना चढताना त्यांना धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचाही एक्स-रे काढायला लावला. फुप्फुसावरचं आवरण जाड झालं होतं.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हे त्याच धुळीचं काम आहे."

नामदेव म्हणाला, "साहेब, ही तं कधी कारखान्याच्या गेटातही नाही आली."

"तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच," वहिनी म्हणाल्या. "आंगणात झटकून झटकून धुतले."

घरापाशी ऑटोतून उतरल्यावर नामदेवनं बिडीचं बंडल नालीत टाकलं आणि डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनची तारीख मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर पठ्ठ्या अंगणातल्या दगडावर वहिनींचं लुगडं धूत बसलेला. वहिनी लाजून अर्ध्या झाल्या होत्या.

"उठा हो, लोक पाहून राहिले."

"पाहू दे," तो म्हणाला. "तू आत जाऊन बस वं. तुले धाप लागते."