सगुनाबाईचं चेटूक

हे मी कुनालाच सांगितल्यालं न्हाय. बायकोला न्हाय, फडातल्या गड्यास्नी न्हाय. तुमाला सांगतोय — हसू नका म्हंजे झालं. हसवायचा धंदा माझा, आन् हशाचीच मला आता शिसारी येती.

मी तमाशातला सोंगाड्या. शाळेचं तोंड बघितलं न्हाय, पन शब्द कळायचा. चेटूक — लावणीत ह्यो शब्द लई ग्वाड. बाईनं नजर टाकली, गडी खुळावला, त्याला शाहीर चेटूक म्हनतो आन् खाली फेटं उडत्यात. वस्तीवर त्योच शब्द एखाद्या बाईवर टाका — तिच्या हातचं पानी कुनी पीत न्हाय. हे मला ठावं न्हवतं? चांगलं ठावं हुतं.

पंचावन-छप्पन साल असंल. कळस गावाच्या अंगाला एक जत्रा. खेळाआधी गावात हिंडायचं, चार नावं गोळा करायची, बतावणीत, म्हंजे आमच्या थट्टेच्या बोलन्यात, घालायची — आमची रीतच ती. पारापाशी सगुनाबाई भेटली. नवरा गेल्याली, वांग्याचा मळा करनारी. मी तिची थट्टा केली. ती म्हनली, "ह्येला तमाशात घेतला? ह्येच्यापरीस माझा रेडा बरा नाचंल." पारावरची समदी माझ्यावर हसली. सोंगाड्यावर हसायचंच असतंय की — मग मला एवढं का झोंबलं?

सकाळच्या खेळात नाचनारनीनं चेटकाची लावणी म्हनली. मी मदीच घुसलो, "अगं, चेटूक शिकायचं तर सगुनाबाईकडं जा. शेजाऱ्याची वांगी जळाली, हिची डोलत्यात."

लोळली मानसं. मग? पाटाच्या पान्यावर तिला कुनी उभं करंना. इंदापूरच्या बाजारात तिची पाटी भरल्याली जायाची, भरल्यालीच यायची. लेकीचं ठरल्यालं लगीन मोडलं.

पुढच्या जत्रेला ती माझ्याकडं आली. "दादा, एवढं वर हुबं राहून सांगा — ते तुमी मनानं रचलं. माझं कुनी ऐकत न्हाय, तुमचं ऐकत्याल."

मी व्हय म्हनलो. लेकीला घेऊन ती कनातीपाशी हुबी ऱ्हायली.

मी चढलो. खालनं कुनीतरी वरडलं, "सोंगाडे, ते चेटकिनीचं हुं द्या." आन् मी — हावरट, टाळ्यांचा भिकारी — तेच केलं. वाढवून केलं. औंदा लेकीचंबी नाव घेतलं.

दोघी मला दिसत हुत्या. त्यांच्याकडं बघतच केलं.