बहात्तर तासांचा अर्ज

माझा पगार लॉग वाचण्याचा आहे. कॉम्प्युटरमध्ये काय झालं, किती वाजून किती सेकंदांनी झालं, कोणी केलं... हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि ते शोधून काढणं हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर एकाच नजरेने वाचत आलो – यांनी लॉग नीट पाहिला नसणार. आता मीच लिहितोय. लॉग नीट पाहिलाय. अनेकदा पाहिलाय.

मी चौलला राहतो. अलिबागच्या बाजूला एक संशोधन संस्था आहे, तिथल्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला आहे. तिथे छत्तीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडून ठेवलेत, त्याला क्लस्टर म्हणतात. संशोधक आपलं गणित त्यावर पाठवतात. अशा एका गणिताला जॉब म्हणायचं. जॉब आधी रांगेत उभा राहतो, आणि मशीन मोकळं झालं की सुरू होतो. रांगेचे नियम एका फाइलमध्ये असतात – कोणाला किती मशीन, जास्तीत जास्त किती तास. ती फाइल मी लिहितो. आमची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांची. त्यापुढे जॉब गेला की सिस्टिम तो आपोआप बंद पाडते. आमच्या भाषेत, मारते.

ज्याला जास्त वेळ हवा त्याने अर्ज करायचा. त्यावर मार्गदर्शकांची सही, कारण, आणि खाली मंजुरीची सही. मंजुरीची सही माझी.

माझी मुलगी मुक्ता त्याच संस्थेत पीएचडी करत होती. रेवदंड्याच्या खाडीचं मॉडेल. वादळ नेमकं भरतीच्या वेळी आलं तर पाणी गावात कुठल्या घरापर्यंत चढेल, हे काढायचं होतं. खाडीकाठी आमची जनाकाकी राहते. लहानपणी मुक्ता शाळा सुटली की तिच्याकडे सुकट वाळवायला बसायची. काकी तिला सारखी म्हणायची, "तुजा कॉम्पुटर मोटा हाय ना गो? मंग माजे वट्याव पानी येल का न्हाय, तवरं सांग."

ते "तवरं" – तेवढंच – सांगायला मुक्ताच्या मॉडेलला अंदाजे एकाहत्तर तास लागत होते.

"पप्पा, बहात्तर तास द्या ना."

"नियम अठ्ठेचाळीसचा आहे."

"मग अर्ज करते. सर सही देतायत."

"अर्ज करू नकोस."

"का?"

"त्यावर मंजुरी माझी लागते. लोक म्हणतील, बापाने पोरीला दिले."

ती हसली होती. "म्हणजे दुसरी कोणी असती तर अर्ज तरी घेतला असतात. मला तेवढंही नाही. पप्पा, तुम्ही खवीस आहात."

मी तिला म्हटलं, मॉडेल मध्येच थांबवून पुढे चालू करता येईल असं लिही. ती दोन महिने त्यात डोकं घालून बसली, पण जमलं नाही. तिचा जॉब तीनदा अठ्ठेचाळीस तासांना मारला गेला. तिन्ही नोंदी माझ्याकडे आहेत.

तिची एक गंमत होती, ती इथे सांगणं भाग आहे. जॉब कधी सुरू व्हावा, हे पाठवतानाच लिहून ठेवता येतं. मुक्ता ती वेळ भरतीची टाकायची. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे – तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हे तिला जनाकाकीने शिकवलेलं. "भरतीला होरी सोरावी, बाय. ओहोटीला सोरशील त रेतीत बसशील."

मी म्हणायचो, "अगं, छापील तक्ता मिळतो. तुझ्या हिशेबात वीस-पंचवीस मिनिटांची चूक असते."

"होडीला चालते, पप्पा."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. त्याच दिवशी सकाळी तिने जॉब पाठवला होता. सुरू व्हायची वेळ दुसऱ्या दिवशी नऊची, कारण दुसऱ्या दिवशी द्वादशी. दुपारी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, आणि संध्याकाळी तिला अॅडमिट केलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की जॉब नऊ वाजता सुरू झाला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स खूप उतरल्या. डॉक्टर येऊन जाऊन होते, त्यांनी काही कमी केलं नाही. संध्याकाळी तिने डोळे उघडून विचारलं, "पप्पा, वेळ वाढवलात?"

लॅपटॉप माझ्या पायाशी बॅगेत होता. उद्या सकाळी नऊला जॉब मारला जाणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तू बरी हो, मग बघू."

तिने मान वळवली.

सकाळी नऊ वाजता जॉब मारला गेला. दुपारी तीन वीसला मुक्ता गेली. सव्वीस वर्षांची होती. जनाकाकी आमच्या दारात बसून एवढंच म्हणाली, "ओहोटीला गेली पोर."

संस्था सोडून गेलेल्या माणसाचं खातं एका महिन्यात बंद करायचं, हाही नियम माझाच. तिचं खातं मी स्वतः बंद केलं. तिचा सगळा डेटा एका हार्ड डिस्कवर घेतला, डिस्क ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि क्लस्टरवरचं फोल्डर पुसलं. खातं काढलं की सिस्टिममधून माणसाचं नाव जातं, उरतो तो फक्त एक क्रमांक. तिचा १०४७.

मुक्ता गेल्यानंतर आठ महिन्यांनी क्लस्टरवर नवीन रांग-प्रणाली बसवायची ठरली. जुनी पूर्ण काढली. माझे सहकारी दळवी आणि मी, दोघांनी मिळून नवी बसवली, कोऱ्या डेटाबेसवर, म्हणजे जुन्या जॉबची एकही नोंद न घेता. जॉब पाठवायच्या सगळ्या सेटिंग्ज सोमवारी सकाळी मी नव्याने लिहिल्या. आठवडाभर कोणालाही जॉब पाठवता येणार नव्हता, बाहेरून दार बंद होतं. अकरा वाजता मी चाचणीसाठी पहिला जॉब टाकला.

त्याला क्रमांक मिळाला २.

मी रांग उघडून पाहिली. क्रमांक १ आधीच उभा होता. नाव: रेवदंडा. पाठवणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं, १०४७ होतं. मागितलेला वेळ बहात्तर तास. सुरू व्हायची वेळ आज दुपारी तीन.

मी दळवींना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"म्हात्रे, जुना डेटाबेस चढवलास का चुकून?"

"नाही."

"मग मी चढवला असेन. वय झालं." मग स्वतःच्या नोंदी चाळून म्हणाले, "पण मीही नाही चढवला रे."

शिवाय मी सकाळीच अठ्ठेचाळीसची मर्यादा लिहिली होती. बहात्तर मागणारा जॉब दारातच नाकारला जायला हवा होता. हा आत आला होता, आणि पुढे 'मर्यादेपेक्षा जास्त, मंजुरीची वाट पाहत आहे' असा शेरा होता.

मी काय केलं असेल? नियमाप्रमाणे केलं. मालक नसलेला जॉब रद्द करायचा असतो. केला.

घरी वंदनाला, म्हणजे मुक्ताच्या आईला, सांगावं की नाही कळेना. जेवताना सांगितलं. ती त्या दिवशी उपाशी होती, चंद्रोदयाची वाट बघत.

"किती वाजताची वेळ होती म्हणालात?"

"तीन."

"अहो, आज संकष्टी. चार पाऊणे तीन."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आकडेमोडीत मी आयुष्य घालवलंय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी जॉब पुन्हा रांगेत होता. क्रमांक ३. सुरू व्हायची वेळ पावणेचार. पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. मी छापील तक्ता काढून बघितला, त्यात त्या दिवसाची भरती वेगळ्या वेळेला होती. म्हणजे ही वेळ तक्त्यातून आलेली नव्हती. आमच्या कुठल्याही मशीनला तिथी माहीत नाही. पंचांग तिथे नाही. सगळ्या फाइल्समध्ये शोधलं. कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी पाहिल्या. फक्त दळवी आणि मी. दळवींनी माझ्यासमोर आपला पासवर्ड बदलला. बाहेरची केबलही काढून पाहिली. मग मी तोही जॉब रद्द केला. दळवी म्हणाले, "अरे, राहू दे की." मी म्हटलं, नियम आहे.

बुधवारी क्रमांक ४. षष्ठी. साडेचार. शेरा तोच – मंजुरीची वाट पाहत आहे.

त्या दिवशी मी रद्द केला नाही. बराच वेळ समोर बसून राहिलो. चार वाजता उठलो, कपाटातून अर्जाचा छापील कागद काढला आणि भरला. अर्जदार: मुक्ता म्हात्रे. हवा असलेला वेळ: बहात्तर तास. कारण: मॉडेल मध्ये थांबवता येत नाही. मार्गदर्शकांची सही तिने अडीच वर्षांपूर्वीच घेतलेली होती... तो जुना कागद तिच्या फायलीत सापडला, तो जोडला. खाली मंजुरी. तिथे सही केली. मग सेटिंगमध्ये त्या एका जॉबला वेळ वाढवून दिला. तो आदेश टाइप करायला अकरा सेकंद लागले. घड्याळ लावून मोजले.

साडेचार वाजता जॉब सुरू झाला. आठ मशीनचे पंखे एकदम चढले, दळवींनीही ऐकले. ज्या फोल्डरमधून तो चालत असल्याचं दिसत होतं ते फोल्डर क्लस्टरवर नव्हतंच. डिस्क कपाटात होती, आणि चावी माझ्या खिशात.

शुक्रवारी दुपारी वंदना म्हणाली, मी येते. दळवींनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः चहाच्या निमित्ताने बाहेर गेले. साडेचारला अठ्ठेचाळीस तास होणार होते. आम्ही स्क्रीनसमोर तसेच बसलो होतो, जसे तिच्या कॉटशेजारी बसायचो. चार एकोणतीस. वंदनाने माझं मनगट धरलं. साडेचार. चार एकतीस.

"चालू आहे?" तिने विचारलं.

"चालू आहे."

"मग तेव्हा का नाही हो दिलेत?"

आठ महिन्यांत तिने हे एकदाच विचारलं. तिने मनगट सोडलं मात्र नाही.

शनिवारी दुपारी तीन पन्नासला जॉब पूर्ण झाला. कोणतीही चूक नाही. वेळ: एकाहत्तर तास, वीस मिनिटं, चौदा सेकंद. निकालाची फाइल मात्र कुठेही नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी डिस्क काढली, मुक्ताचं मॉडेल पुन्हा चढवलं आणि तिच्या सरांच्या खात्यातून रीतसर अर्ज करून चालवलं. ते पूर्ण झालं. एकाहत्तर तास, वीस मिनिटं, चौदा सेकंद. एकच गणित दोनदा चालवलं तरी काही मिनिटांचा फरक पडतोच. सेकंदापर्यंत जुळलेलं मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही.

या वेळी निकाल आला. नकाशा घेऊन मी रेवदंड्याला गेलो. काकीच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. पाणी दुसरीपर्यंत येतं. मी खडूने रेघ मारून दाखवली. आणि बाकीचं सगळंही सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार?

काकी रेघेकडे बघत राहिली. "म्हंजे सुटली शेवटी तिची होरी."

"व्हय, काकी."

"तू सोरलीस?"

मी हातातला खडू पायरीवर ठेवला. तिने पदराने डोळे पुसले आणि मला सुकटीची पुडी बांधून दिली. मुक्ताला आवडायची तशी, बारीक.

इतकंच. त्यानंतर रांगेत १०४७ दिसलेला नाही. अजूनही रोज सकाळी आधी तेच बघतो. जॉब कोणी पाठवला, वेळ कोणी काढली, सेकंद कसे जुळले – यातल्या एकाचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दळवींकडे नाही. कोणा वाचकाकडे असेल तर जरूर लिहावं, मी तपासून बघेन.

त्या अकरा सेकंदांचं मात्र कोणी लिहू नये. त्याचं स्पष्टीकरण मला माहीत आहे.