पुराच्या गाठोड्यातला विळा

पुणतांब्यात गोदावरी चढू लागली की आमच्या शेजारच्या वहिनी पुराचं गाठोडं बांधत. कपडे, भाकरी झटक्यात बांधून होत. विळा निवडायला मात्र अख्खी दुपार जाई. गोठ्यातल्या दाव्याचा ओला तुकडा घेऊन त्या एकेक विळा चालवून बघत, डोळे मिटून, गाणं ऐकत असल्यासारख्या.

बाहत्तरचा दुष्काळ सरला, त्या पावसाळ्यात मीही गाठोडं बांधलं. त्यात पेरू कापायची सुरी टाकली.

"पुराला पेरू देताय व्हय, भावजी?"

"वहिनी, दाव्याची गाठ हातानं सुटते की."

"भिजली की सुटत न्हाई. दुष्काळात जगवलेलं जनावर खुंट्यालाच बुडंल."

पहाटे पाणी आळीत शिरलं. आम्ही टेकाडावर पोचलो, पण वहिनी कुठं दिसेनात. मग धुक्यातून गुरं येऊ लागली, झोपेत चालल्यासारखी शांत, गळ्यात तुटकी दावी लोंबत. साऱ्या आळीची होती. शेवटी कमरेभर पाण्यातून वहिनी आल्या. हातात विळा होता, गाठोडं नव्हतं.

धापा टाकत म्हणाल्या, "भाकरी गेल्या वाहून. काढा ती सुरी, भावजी, अन् कुनाकडं पेरू हायती का बघा."