हातांखालचं नाव

आमच्या खापा गावात बाबा हातमागावर बसायचे. मी घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. शेजारी साजेसं चित्र मी आपल्या मनानं काढायची. सुविचाराखाली मोठ्या माणसाचं नाव नसलं की गुरुजी सगळं पुसायला लावत. ते डोक्यात पक्कं बसलं.

आता त्याच कामावर माझं चालतं. शहरात, बेसाला राहते, शाळा-दवाखान्यांच्या भिंतींसाठी चित्रं आणि वचनं जुळवून देते. धंतोलीतल्या एका दवाखान्यानं पेशंट बसतात त्या हॉलसाठी बारा मागितली. अकरांना पुस्तकांतली वचनं मिळाली. बाराव्यात मी बाबांचे हात काढले. उजव्या हातात मागाचा धोटा, डाव्याची करंगळी वाकडी. खाली त्यांचंच बोलणं, लहानपणापासून ऐकलेलं: 'धागा तुटला त शिव्या नाई द्याच्या. माग थांबवाचा अन् गाठ माराची.' त्याखाली त्यांचं नाव.

मॅनेजरनं चष्मा वर केला. "हे कोण?"

"माझे वडील."

"अहो मॅडम, लोक इथे धीर यावा म्हणून वाचतात. एखादं मोठं नाव टाका ना, कोण तपासून राहिलंय? आणि भाषा जरा शुद्ध करा."

"खोटं नाव मी टाकणार नाही," मी ठणकावलं. मग घरी येऊन 'नाई द्याच्या'चं 'देऊ नयेत' केलं, आणि बाबांच्या नावाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं. मोठं नाव टाकलं नाही, याचा वर अभिमानही वाटला.

बाबांना फोनवर एवढंच सांगितलं की तुमचं बोलणं धंतोलीत भिंतीवर लागलं. पुढच्याच सोमवारी ते बसनं आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. "साऱ्या मोहल्ल्याले सांगून आलो म्या."

दवाखान्याच्या हॉलमध्ये शिरताच चित्रातले हात त्यांनी लांबूनच ओळखले. "करंगळी बी वाकडीच ठेवली काय वं! सरळ करून देती त काय जात होतं तुहं?" खूप हसले. मग खाली वाकले.

बाबांना वाचता येत नाही. विणकरांच्या सोसायटीच्या कागदांवर अंगठा नको, म्हणून आठवीत असताना मीच त्यांना सही शिकवली होती. तेवढी अक्षरं ते कुठंही ओळखतात. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, ओळीच्या शेवटापर्यंत नेलं, परत आणलं.

"माह्या नावात पाच अक्षरं हायेत. इथं त तीनच हायेत."

ते आडनाव आहे, असं सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.

"अज्ञात लिहिलंय, बाबा. म्हणजे कोण बोललं ते माहीत नाही."

"कोणाले माहीत नाही?" त्यांनी बोट काढलं नाही. "तुले?"

मागच्या बाकावरून एक बाई उठून आली. "काका, सरका ना थोडं, फोटो घेऊ द्या." बाबा सरकले. तिनं वाचलं, मोबाईलमध्ये फोटो घेतला. "किती चांगलं हाय जी! कोणाचं हाय हे?"

बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"लिवलं हाय न खाली," ते तिला म्हणाले. "वाचून घ्या."