माह्या गुडघ्यांचा साचा

"ए बाई, वैसेच बैठ ना मूर्ती के बाजू में. फोटो मस्त आयेगा."

शेठचा लेक हसत बोलला. बालाघाटच्या चौकात मंडप, सारी मोठी मंडळी. वर त्याच्या मेलेल्या बापाचा पुतळा, हातात धानाचं सूप. पायाशी गुडघे टेकून पदर पसरलेली बाई. मूर्तीतली ती बाई म्हणजे मी, माह्यावरूनच घडवलेली.

मागून कोणी म्हटलं, "अरे, असली वाली तो और काली है!" लोक हसले.

मी अकोल्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्यासंगं इकडं बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीज खाणीवर आली, तो दुसरीसंगं निघून गेला. तेव्हा मूर्ती घडवणाऱ्या उस्तादांनी मले कारखान्यात ठेवलं. माती मळायचं काम. लेकीचं नाव शाळेत त्यांनीच घातलं. ते उपकार मी आजही नाकारत नाही. काम सुटलं तर परक्या मुलखात जाऊ कुठं, हे भेवही होतंच. त्यांनी बस म्हटलं की मी बसायची.

या पुतळ्यासाठी त्यांनी माह्या गुडघ्यांवर ओलं प्लास्टर थापलं. ते सुकताना तापते. हलायचं नाही. तेव्हाच फोन वाजला. उस्तादांनीच माह्या कानाले लावला. भाऊ रडत होता.

"बाई, माय गेली वं."

मी उठाले गेली.

"दहा मिनिटं थांब," उस्ताद म्हणाले. "साचा चिरेल."

मी थांबली. रडली, पण गुडघे हलू दिले नाहीत. गावी पोचली तोवर मायले माती देऊन झाली होती. मग विहारात बुद्धापुढं गुडघे टेकले. तिथं मले कोणी बस म्हटलं नव्हतं.

उस्तादांनी मूर्तीतल्या बाईचा चेहराही त्याच दिवसाचा, माह्या रडण्याचा घडवला. भाषणात एक जण म्हणाला, "देखिए, चेहरे पर कितना आभार है." मले त्या चेहऱ्यावर मेलेली माय दिसत होती. अजूनही झोपेत गुडघे तापतात. फोन वाजतो. मी हलत नाही.

"नाही बसत," मी म्हटलं.

"अरे, एक मिनट का काम है."

"उस दिन मेरी माँ मरी थी. वो रोना सेठजी के लिए नहीं है."

उस्ताद जवळ आले, दात आवळून बोलले, "काहून इज्जत घालवून राह्यली वं माही? बस. नाही तं उद्यापासून येऊ नको."

लेकीची फी डोळ्यापुढं होती.

"हौ. नाही येत."

आता मी राइस मिलमध्ये झाडलोट करते. पुतळा तिथंच आहे. लेकीले तिथं नेऊन सारं सांगितलं, माह्या त्या दहा मिनिटांसकट. ती लाज मी झाकणार नाही.

कोणी आपलं मेलं, तर मी गुडघे टेकीन. जित्या माणसापुढं नाही, शेठच्या पुतळ्यापुढंही नाही. कोणी मले भाकर दिली असली तरी नाही. त्यात उस्तादही आले.