मामांनी कापलेलं कार्ड

मामांनी आयुष्यात कुणाची सुईसुद्धा उसनी ठेवली नव्हती. शेजारच्या दुकानातून दोऱ्याचं रीळ आणलं तर संध्याकाळच्या आत परत. गिऱ्हाइकांनी मात्र त्यांना खुशाल ताटकळत ठेवावं. शिवलेला कोट कुणी वर्षभर नेला नाही, तर मामा अधूनमधून त्याच्यावरची धूळ झटकायचे, बस. अशा या शिंप्याच्या भाचीला बँकेने सांगितलं, "तुमच्या मामांच्या क्रेडिट रिपोर्टवर क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे. हे जामीनदार चालणार नाहीत."

भाची कितीतरी वर्षं मामांच्या शेजारी बसून शिवत होती आणि आता भरतकामाच्या मशीनसाठी कर्ज काढायला निघाली होती. बातमी ऐकून मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझं कार्ड? ते मी कधीच संपवलं."

"संपवलं म्हणजे?"

मामांनी बटणांचा डबा उघडला आणि तळातून कार्डाचे चार तुकडे काढले. कडा अगदी सरळ, टेप लावून बघाव्यात अशा. "सगळे पैसे फेडले आणि मोठ्या कात्रीने कापलं. कापलेलं परत चालू होतं का कधी?"

जन्मभर कापड कापणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? बँकेला कळवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कार्ड इकडे डब्यात निवांत पडलेलं, आणि तिकडे त्याची वार्षिक फी चढत होती, फीवर दंड, दंडावर व्याज. पत्रं मामांनी केव्हाच सोडलेल्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेली. फोन यायचे, तेव्हा मामांना वाटायचं की हे पुन्हा कार्ड गळ्यात मारायला बघताहेत. ते गोड बोलून फोन ठेवून द्यायचे.

त्या दिवसापासून मामा माप घेतानाही गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देईनात. "माझं नाव काढ," ते म्हणाले. "तुझ्या धाकट्या भावाचं घाल. पक्की नोकरी आहे त्याची, लगेच काम होईल."

भाचीलाही ते पटत होतं, खोटं कशाला सांगा. एका शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले भरून द्यायचं काम त्या मशीनवाचून अडलं होतं. तरी एकदा काय ते मिटवू, म्हणून ती मामांना बँकेत घेऊन गेली. मामांनी तुकडे कॉलरमध्ये घालायच्या कडक बक्रमच्या कापडावर नीट चिकटवून आणले होते. टेबलामागच्या बाईंनी हसू दाबत नंबर वाचला आणि जुना हिशेब उघडला.

"या कार्डावर एकच खरेदी दिसते. शिलाई मशीन."

भाचीने मामांकडे पाहिलं. ती शिकायला आली तेव्हा मामांनी तिला नवं कोरं मशीन दिलं होतं. ओळखीच्या एकाने फुकट दिलंय, म्हणाले होते. त्या अनोळखी भल्या माणसाचे तिने इतकी वर्षं मनातल्या मनात आभार मानले होते. मामा आता डोक्यावरच्या पंख्याकडे बघत बसले होते.

"निम्मे भरा, खातं मिटवू," बाई म्हणाल्या. "फक्त रिपोर्टवर 'सेटल्ड' असं लागेल. म्हणजे पूर्ण दिले नाहीत, तडजोड केली."

"मग पूर्णच भरतो," मामा म्हणाले. "एका बाहीचा सदरा मी कुणाला दिला नाही. फक्त हप्ते पाडून द्या."

"त्याला वेळ लागेल." बाई भाचीकडे वळल्या. "तुम्ही तोवर दुसरा जामीनदार देताय ना?"

"नाही," भाची म्हणाली. "मी थांबते."

बिल्ल्यांचं काम हातचं गेलं. मामा त्यावरून कित्येक दिवस तिच्यावर करवादले, आणि हप्ते मात्र वेळेच्या आधी भरत राहिले. शेवटचा हप्ता झाल्यावर कार्ड बंद झाल्याचं आणि बाकी काही नसल्याचं त्यांनी लेखी घेतलं, भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. रिपोर्टवरची थकबाकी गेली. उशिराच्या जुन्या नोंदी राहिल्या. त्या पुसल्या जायला काही वर्षं जावी लागतील, पण कर्ज अडणार नाही, असं बाईंनी सांगितलं.

नव्या अर्जावर सही करताना मामांचं पेन थांबलं. "डाग आहेतच गं अजून. भावाचं नाव घातलं असतंस, तर मशीन केव्हाच दारात आलं असतं."

"पहिलं मशीन फुकट देणारा माणूस मला आत्ता कुठे सापडलाय," ती म्हणाली. "त्याला सोडून दुसऱ्याचं नाव घालू होय? कर सही."

मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सही केली.