इर्याची दलदल

इर्या केम्पाइनेन शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं माझ्या शेजारी उभी आहे. संध्याकाळी ती गावातल्या स्कीच्या पोरांना शिकवते. त्याचा पगार नाही. वर्षाला एक लोकरी टोपी मिळते, तीही तिला डोक्याला घट्ट होते.

बर्फ नसतानाचा सराव ठरवणं हे तिचं खास काम. "हिवाळ्यात काय, कुणीही घसरतं," ती म्हणते, "स्कीपटू उन्हाळ्यात तयार होतो." काठ्या घेऊन टेकडी चढणं, डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की, लाकडं फोडणं आणि रबरी बूट घालून दलदलीत धावणं. शेवाळात पाय घोट्यापर्यंत रुततो, मांड्या पेटतात, पण हाडाला हिसका बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सोळा वर्षांच्या व्हेन्लाची नडगी दुखायला लागली. चाकांच्या स्कीवर ती जरा जास्तच राबली होती. सप्टेंबरात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डांबर बंद, नाहीतर हाड चिरेल.

"जंगलातल्या वाटेवर पळव," मी म्हटलं.

"तिथे मुळं आहेत, दगड आहेत. तिला ओलं पाहिजे."

त्या वर्षी उन्हाने आमची सरावाची दलदल शिळ्या पावासारखी कडक झाली होती. बाकीच्या दलदलींत माणूस कमरेपर्यंत जायचा. बरोबर ओली अशी एकच उरली होती, आणि ती इर्याची लाक्का खुडायची जागा होती.

लाक्काची पिवळी फळं कुठे मिळतात हे आमच्याकडे कुणी सुनेलाही सांगत नाही. इर्याने नवऱ्याला ती जागा लग्नानंतर आठ वर्षांनी दाखवली. आणि व्हेन्ला कुणाची नात? हेल्वीची. ती जागा शोधायला तीस वर्षं दर ऑगस्टला इर्याच्या गाडीमागे गाडी घालणाऱ्या हेल्वीची!

इर्याने दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी तिने व्हेन्लाला गाडीत घातलं.

"डोळे बांधू का?" पोरीने विचारलं.

"बांध. पण ओकलीस तर गाडी तू धुवायचीस."

सगळा जुलै, आठवड्यातून तीनदा. फळं तुडवली जाऊ नयेत म्हणून इर्याने तिला दलदलीच्या मधोमध एकाच रेषेत पळवलं. "कडेला गेलीस तर दुसरीही नडगी मोडीन." महिनाअखेर व्हेन्ला दुखऱ्या पायावर वीस उड्या मारून हसली. घरी आजी रोज खोदून विचारायची, "कुठे नेते गं ती तुला?" पोरगी एवढंच म्हणायची, "ओल्या जागी."

पुढचं इर्यानेच मला सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती बादली घेऊन गेली, तर उंचवट्यावर हेल्वी बसलेली.

"पोरीने सांगितलं?"

"तिने? तिचं तोंड सांडशीनेही उघडत नाही. कुत्र्याला फिरवायला आले होते. बघते तर दलदलीतून सरळ वाट गेलेली. इकडे तर पंधरा वर्षांत गाय नाही. म्हटलं, ही आमचीच गाय असणार."

शेवाळात पडलेला पायाचा ठसा उन्हाळाभर बुजत नाही, हे इथे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. एक इर्याच विसरली होती.

"ऊठ इथून," ती म्हणाली.

"उठते. आधी सांग, नडगी कशी आहे? मला ती धड सांगत नाही. दुखणं लपवून पळतेय का?"

"बरी आहे, हेल्वी. खरंच बरी आहे. डांबरावर नेली असती तर आज प्लास्टरमध्ये असती."

हेल्वीने बुटावरचं शेवाळ काढलं. मग म्हणाली, "असं कर. पूर्वेची बाजू तुझी, पश्चिमेची मी घेते."

"पश्चिमेला जास्त असतात!"

"मला काय माहीत? मी आज पहिल्यांदाच आलेय."

व्हेन्ला संघात गेली, अगदी शेवटच्या जागेवर. पुढच्या उन्हाळ्यात इर्याने आपल्या सगळ्या अकरा पोरांना तिथेच नेलं. "वाट पडलीच आहे, आता लपवायचं काय?" जुलैभर हेल्वी पश्चिमेच्या कडेला हाताची घडी घालून उभी असायची. कुणाचा बूट जरा वाकडा पडला की ओरडायची, "ए, सरळ! प्रशिक्षकबाईंचं ऐकत जा!"